सावकाशचा कोपरा

फाटकापाशी पाहुण्यांची गाडी थांबली तेव्हा आमचं फलक बांधणं अजून चालूच होतं. 'आमचे वर्षभराचे कार्य' अशी मोठी अक्षरं, खाली आमचे सगळ्यांचे फोटो, प्रत्येकाच्या हातात झाडू. फलक फोटो दाखवायला नव्हता. त्याच्यामागचा कोपरा झाकायला होता. आणि त्या कोपऱ्यात बसलेला सावकाश.

"तू इथून हलू नकोस आणि तोंड उघडू नकोस," अध्यक्षबाईंनी त्याला बजावलं. त्या त्याच्या थोरल्या बहीण. अध्यक्ष नसत्या तरी त्यांनी हेच सांगितलं असतं.

ओढ्याकाठची ही जागा नगरपालिकेची. वस्तीतून वर्गणी काढून आमचं निसर्गमंडळ ती सांभाळतं. आज आलेल्या पाहुण्या म्हणजे कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई. इथे जपण्यासारखं काही आहे, असं त्या म्हणाल्या तर जागा आमच्याकडे राहणार. नाही म्हणाल्या तर सिमेंट ओतून गाड्या उभ्या राहणार.

सावकाशचं खरं नाव आता कोणाच्या लक्षात नाही. त्याने जन्मभर लिफ्ट चालवली, म्हणजे स्टुलावर बसून लोकांना वरखाली नेलं. मंडळाची कामं वाटली तेव्हा हा कोपरा त्याच्या गळ्यात पडला. तिथलं आडवं झालेलं झाड तोडून न्यायचं, डबकं बुजवायचं, गवत कापायचं. बैठकीत विचारलं की तो म्हणायचा, सावकाश करू. बायको गेल्यापासून त्याला घर खायला उठायचं. त्या कुजक्या खोडावर येऊन टेकला की बरं वाटायचं. ही जागा गेली तर आपण बसायचं कुठे, या धास्तीने आज तो पहिल्यांदा विळा घेऊन आला होता. आल्यावर जरा दम खावा म्हणून खोडावर टेकला, तो तसाच राहिला.

आम्ही मात्र कंबर कसून कामाला लागलो होतो. पाहुण्यांना सगळं फिरून दाखवलं. दगडांना पांढरा रंग दिला होता. पाखरांसाठी लाकडी घरं टांगली होती, लाल, पिवळी, निळी. त्यांत पाखरू एकही आलं नाही, पण रंग अजून टिकून होता. प्रत्येक झाडावर 'झाडे वाचवा' अशी पाटी होती, चांगली लांब खिळ्यांनी ठोकलेली.

पाहुण्या नुसतं 'हं' म्हणत होत्या.

मग त्यांनी विचारलं की झाडांखाली पाला कसा दिसत नाही. चिटणीस छाती फुगवून म्हणाले, आम्ही पानही पडू देत नाही, पडलं की जाळतो. आणि वठलेली झाडं? ती पाडली, दिसायला वाईट दिसत होती. किडे कसे काय नाहीत एवढ्या जागेत? यावर खजिनदारांनी खुशीत सांगितलं की कालच औषध फवारलंय, आज तुम्हाला काही चावणार नाही.

पाहुण्यांनी पेनाला टोपण लावलं. काहीतरी चुकलंय एवढं आम्हाला कळलं, काय ते कळेना.

तेवढ्यात अध्यक्षबाईंच्या नाकाशी एक माशी घोंगावली. त्यांनी तिला हाकलायला हात उगारला, तसा पाहुण्यांनी तो वरच्यावर धरला. पिवळे पट्टे असलेली, मधमाशीसारखी दिसणारी माशी होती. ती उडाली, फलकावरून पलीकडे गेली. मागोमाग पाहुण्या गेल्या, फलक उचलून थेट आत.

आम्ही कपाळाला हात लावला.

आत कमरेएवढं गवत, हिरवं डबकं आणि खोडावर सावकाश. विळा बाजूला पडलेला. औषधाची नळी तिथवर पुरली नव्हती. त्याच्या डोक्याभोवती तसल्या माशा फिरत होत्या, एक गुडघ्यावर बसली होती. पाहुण्या चिखलात गुडघे टेकून बसल्या. ही माशी या भागातून संपली असं आम्ही अभ्यासक धरून चाललो होतो, त्या म्हणाल्या. अशाच कुजक्या खोडात, अशाच साचलेल्या पाण्यात ती वाढते. एवढ्या एका कोपऱ्यासाठी जागा राखा म्हणून मी सांगेन. पण आजवर ज्याने हे सांभाळलं, त्याच्याच हातात हे राहिलं पाहिजे. इथली व्यवस्था कोण बघतं?

आम्ही सगळेच एक पाऊल पुढे झालो. पण अध्यक्षबाईंची नजर खोडावर गेली, कोरड्या विळ्यावर गेली, आणि वर्षभराचा राग उफाळून आला.

"व्यवस्था कसली, बाई? हा माझा भाऊ. वर्षभर इथे बसून माशा मारतोय."

पाहुण्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी ही बोलायची रीत त्यांना कळली नसती असं नाही. पण आमचं वर्षभराचं काम त्या नुकत्याच बघून आल्या होत्या. आमच्याबद्दल आता त्यांना काहीही खरं वाटलं असतं.

"मारल्या?" त्यांनी सावकाशला विचारलं. "किती मारल्या?"

सावकाश गुडघ्यावरची माशी उडू नये म्हणून तसाच बसून राहिला आणि मान खाली घालून म्हणाला,

"एकही नाही हो, बाई. तेवढंसुद्धा काम झालं नाही माझ्याकडून."