गणपा मिस्त्रींचा कान

"खोल परत," गणपा मिस्त्री म्हणाले आणि कानाला लावलेला लांब स्क्रू ड्रायव्हर त्यांनी टेबलावर टाकला.

अक्षतानं हातातलं फडकं खाली ठेवलं. तीन आठवड्यांतली ही चौथी वेळ. "आबा, आता काय राहिलंय?"

"प्लेट घासतीया. ऐकलं मी. खोल म्हटलं की खोल!"

बाप बोलला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अक्षतानं मुकाट पाना उचलला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या शेडात आजवर हजारभर डिझेल इंजिनं दुरुस्त झाली असतील, पण असलं सोंग पहिल्यांदाच आलं होतं. धैर्यशीलरावांच्या रेसच्या गाडीचं मूळ इंजिन ट्रॅकवरच फुटलं. त्याच्या जागी बसवायला अक्षतानं मोटरसायकलचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकाच शाफ्टवर जोडली होती. दोन्हीच्या मध्ये शिरोलीच्या फौंड्रीत ओतून आणलेली ताटाएवढी प्लेट. ही प्लेट केसभर जरी वाकडी फिरली, तरी दीडशेच्या वेगात तिचे तुकडे होणार आणि ते थेट ड्रायव्हरच्या पाठीत घुसणार.

ड्रायव्हर होता प्रसेनजीत. अक्षताचा नवरा. मागच्या वेळी खांद्याचं हाड मोडण्यावर निभावलं होतं. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

लॅपटॉप म्हणत होता, सगळं ठीक आहे. पण फुटलेल्या इंजिनालाही लॅपटॉपनं ठीकच म्हटलं होतं की! म्हणून तर आबांचा कान. चाळीस वर्षांचा रिवाज होता, गणपा मिस्त्रींनी कान लावल्याशिवाय त्या गल्लीतलं इंजिन गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग ते सांगणार, कुठला व्हॉल्व्ह वाजतोय, कुठलं बेअरिंग रडतंय. धैर्यशीलरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मिस्त्री हूं म्हणतील तवाच गाडी ट्रॅकवर. कॉम्प्युटरला काय कळतंय, डोंबल?"

तिनं इंजिन खोललं. प्लेट आरशासारखी लखलखीत. पहिल्या वेळी खोललं तेव्हा कडेला एक बारीक कच निघाली होती आणि गल्लीभर मिस्त्रींच्या कानाचा डंका वाजला होता. त्यानंतर मात्र काही म्हणजे काही निघालं नव्हतं.

"आबा, काय बी न्हाय हो हितं!"

आबा पाठमोरे उभे राहून हात पुसत होते. ते वळलेसुद्धा नाहीत. माणसानं तोंडासमोर येऊन बोलावं ही त्यांची शिस्त. पाठीमागून हाक मारणाऱ्याला ते भीक घालत नसत. आई गेल्यापासून तर तऱ्हेवाईकपणा फारच वाढला होता. फोन घ्यायचा नाही. चहा टाकू का विचारावं, तर "उद्या बघू" म्हणायचं. आणि बोलणं असं, की पलीकडच्या गल्लीतली म्हातारी दचकावी. अर्थात, कोल्हापुरात हळू बोलतंय कोण?

अक्षता तरातरा जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. "सारखं सारखं का खोलायला लावताय? काय सापडतंय का?"

आबा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला. "पोरी, जावयाला बसवायचंय त्यात. माझ्याच्यानं काय चुकलं, तर तुला कुठल्या तोंडानं सामोरा जाऊ मी?"

आपण उगाच आवाज चढवला, असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं नट पुन्हा एकेक करून आवळले.

गाडीत इंजिन बसवलं त्या दिवशी प्रसेनजीत शेडात आला. त्याचा खांदा अजून पुरता वर जात नव्हता.

"भ्या वाटत न्हाय?" तिनं विचारलं.

"मामांनी हूं म्हटलं की मी डोळं झाकून बसणार बघ."

"आणि न्हाय म्हटलं तर?"

"तर न्हाय. इषय संपला." तो हसला. तिला हसू आलं नाही.

रविवारी सकाळी ट्रॅकवर नुसता कल्ला होता. शेजारी दोन गाड्या गुरगुरत उभ्या, शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. प्रसेनजीत हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसला होता. धैर्यशीलराव भिंतीपाशी उभे राहून मिस्त्रींकडं बघत होते. अक्षतानं मागचं झाकण उघडलं, बॅटरीचा खटका वर केला. थंडाव्याच्या पाण्याचा छोटा पंप गुणगुणायला लागला. वायरला लोंबणारी बटणाची डबी तिनं हातात घेतली. शेजारच्या गाड्या निघून गेल्या म्हणजे आबांना नीट ऐकू येईल, म्हणून ती जराशी थांबली.

आबा वाकले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच होते.

मग आबांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"झ्याक! चारी सिलिंडर कशी सुरात बोलाय लागल्यात! प्लेट कुठं म्हणून घासत न्हाय." त्यांनी गाडीच्या टपावर थाप मारली. "जावा पावणं, बिनघोर जावा!"

धैर्यशीलरावांनी अंगठा वर केला. प्रसेनजीतनं हेल्मेटची काच खाली ओढली. आबांनी डोळे पुसले आणि लेकीकडं बघून मान डोलावली.

अक्षता जागची हलली नाही. इंजिन सुरू करायचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं, आणि ते तिनं अजून दाबलंच नव्हतं.