गुहेला मारलेली हाळी

बेटाजवळ वारा पडला तसं हौशीरामने शीड उतरवलं. शीड कसलं, कांद्यावर टाकायची निळी ताडपत्री, दाभणाने शिवलेली. डिंभे धरणाच्या पाण्यात बहुतेकांनी होड्यांना इंजिनं बसवली, हा गडी मात्र हटून बसला होता. इंजिनाच्या धडधडीत पल्याडची हाळी ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं. पल्याड मोबाईलला रेंज नाही. होडी हवी असेल त्याने काठावर उभं राहून ओरडायचं आणि हौशीरामने ऐकायचं, असा सगळा साधा कारभार.

गेल्या मंगळवारी पल्याडची अंजना तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन दीड तास ओरडत होती. हौशीराम अल्याड होडीतच बसला होता. पोर वाचलं, पण थोडक्यात.

"वारं उलटं व्हतं," तो अजून म्हणत होता. कुणाला पटेना, तेव्हा त्यानेच ही कसोटी काढली आणि साक्षीला बायकोला, ठमाबाईला, घेऊन आला.

बेट म्हणजे धरणात बुडायची राहिलेली टेकडी. तिच्यावरच्या गुहेत तो लहानपणी गुरांमागे यायचा. एक हाक मारली की गुहा दोन परत द्यायची.

"दोन्ही ऐकल्या तर कान शाबूत," होडी दगडाला बांधताना तो म्हणाला. "न्हाई ऐकल्या, तर उद्यापासून होडी गोरख्याची." गोरख त्यांचा मुलगा. तो एवढ्याचीच वाट बघत होता.

बॅटरी पेटवून दोघं वाकून आत गेले. वीसेक पावलांवर गुहा उंच झाली. वटवाघळांचा वास होता, पण एक वटवाघूळ दिसलं नाही. आत इतकं शांत होतं की ठमाबाईला आपल्या बांगड्यांचाच संकोच वाटला.

हौशीरामने बॅटरी दगडावर ठेवून तोंडाशी हात धरले. पल्याडची माणसं ओरडतात तसाच तो ओरडला.

"होडी आऽऽण!"

गुहेने हाक दोनदा परत दिली. पहिली समोरून आली. दुसरी ठमाबाईच्या पाठीमागून, अगदी मानेजवळून आली. तिचा डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला.

हौशीराम मान तिरकी करून उभाच राहिला. बराच वेळ.

ठमाबाईला त्याची कीव आली. अंजनाचं पोरही आठवलं. ते आठवायला नको होतं, असं वाटल्याची तिला लाज वाटली.

"आली का गं?"

ती त्याच्यासमोर गेली आणि तोंड वर करून सावकाश बोलली. गेलं वर्षभर ती त्याच्याशी अशीच बोलत होती.

"न्हाई वं. गाळ लई भरलाय आत. आता कुठली घुमतीया."

त्याने पायाने गाळ उकरून पाहिला. घोटाही बुडत नव्हता.

"व्हय," तो म्हणाला. "गाळ हाय खरा."

त्याचा चेहरा सैल झाला. तिलाही हायसं वाटलं. ती बाहेर जायला वळली.

त्याने बॅटरी उचलून तिच्या तोंडावर धरली.

"ठमे, मग तू दचकलीस कशापायी?"