बरणीवरची ताटली

किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या पारूबाई अजूनही भांडं वाजलं की अंगणात पळत सुटायच्या. त्यात सून रेणुकानं मिठाच्या पाण्यात शेपू घालून काकड्यांचं लोणचं मुरत ठेवलं, आणि फळीवरच्या त्या बरणीवर झाकलेली ताटली दिवसातून चारदा खडखडू लागली.

"आत्याबाई, भूकंप न्हाई, लोणचं फसफसून राहिलंय. किती भ्यायचं?" रेणुका दरवेळी हसायची. आठवडाभरात पारूबाईंचं पळणं बंद झालं.

आज जेवताना फळीवर पुन्हा खडखड झाली. पारूबाईंचा घास हातातच राहिला.

"बसा हो, लोणचंच हाय," त्यांच्या ताटात काकडी वाढत रेणुका म्हणाली.



लोणच्याची बरणी तिच्या हातात होती.