हुंकारासाठी सोडलेली जागा

भाषासंग्रहातल्या लेखनिक बाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं. साहेबांनी आजींच्या रेकॉर्डिंगमधली सगळी शांतता कापून टाकली होती. म्हणे, रिकामी जागा कशाला साठवायची!

"रिकामी?" बाई कडाडल्या. "अहो, त्यांच्या भाषेत समोरच्याने हुंकार दिल्याशिवाय माणूस पुढचं वाक्य बोलत नाही. ती भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या. प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघत थांबायच्या, आणि मी ओठ आवळून गप्प! शेवटी नाइलाजाने पुढचं बोलायच्या. रेकॉर्डिंग चालू असताना हूं की चूं करायचं नाही, हा नियम तुमचाच. त्यांचं ते थांबणंसुद्धा तुम्ही केरात टाकलंत?"

"आजी जाऊन वर्ष झालं, बाई. आता कोण थांबलंय?" साहेबांनी हसतच यंत्रावर कापलेली प्रत लावली.

आजींचं पहिलं वाक्य झालं. मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली, तरी दुसरं वाक्य येईना.

साहेबांनी यंत्र बंद केलं. श्वास चालूच राहिला.

"आता द्या हुंकार," बाई फणकारल्या.

"काहीतरीच काय," असं साहेब म्हणायला गेले, पण तोंडातून निघालं, "हं."

आजी पुढचं वाक्य बोलल्या. सगळं रेकॉर्डिंग बाईंना तोंडपाठ होतं, पण हे वाक्य त्यात नव्हतं. या वाक्यात साहेबांचं नाव होतं.

आजी पुन्हा थांबल्या. साहेबांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. त्यांनी कळवळून बाईंकडे पाहिलं.

बाईंनी नियमाप्रमाणे ओठ आवळून धरले.