घाटातलं नाव

शर्यत जवळ आली की आल्प्समधलं ते अख्खं गाव रंगाचे डबे घेऊन घाटात उतरायचं. लाडक्या सायकलपटूंची नावं रस्त्यावर रंगवायची, ती खालून धापा टाकत चढणाऱ्याला वाचता येतील अशी.

त्या सकाळी रेमो दूधवाल्याला बायकोच्या नखांत पांढरा रंग दिसला आणि त्याची कॉफी कडू झाली.

"कोणाचं नाव रंगवून आलीस, नीवेस?"

"रेमोचं."

गावात रेमो दोन. दुसरा सायकलवाला, सगळ्या पोरींच्या गळ्यातला ताईत. लग्नाआधी नीवेसलाही मागणी घालून गेलेला.

"अजून मनातून गेला नाही वाटतं तो!"

"जळतोस काय असा? घाट उतरताना बघ की," ती हसत म्हणाली.

त्या हसण्याने तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दुधाच्या गाडीत काळ्या रंगाचा डबा टाकून तो रोजच्यासारखा घाट उतरायला लागला. चर्चच्या वळणावर नाव दिसलंच. रेमो! हातभर अक्षरं, शिवाय शेजारी बदाम काढलेला. त्याने गाडी थांबवली आणि अख्खा डबा त्यावर ओतला. बदामसुद्धा सोडला नाही.

मग जरा गार होऊन तो पुढे निघाला. खालच्या वळणावर बेकरीवाल्याच्या पोरीने रंगवलेलं नाव त्याला काही केल्या वाचता येईना. त्याच्या पुढचंही वाचता येईना. वरून उतरणाऱ्याला सगळीच नावं उलटी दिसत होती.

नीवेसने लिहिलेलं तेवढं त्याला सरळ वाचता आलं होतं.