स्क्रीनवरचं भिंग

"काका, उठा जरा. तुमच्या कॉम्प्युटरवरचा कचरा काढायचाय," कॉम्प्युटर दुरुस्त करणारी मुलगी म्हणाली. औषधांची लेबलं छापणाऱ्या त्या छापखान्यात वरून हुकूम आला होता: ज्याने त्याने हौसेने बसवलेले प्रोग्रॅम आजच्या आज हटवा. हिशेबनीस बाईंच्या स्क्रीनवर बागडणारं मांजर सकाळीच गेलं होतं आणि बाई तेव्हापासून फुगून बसल्या होत्या.

प्रूफं तपासणारे काका उठले.

"माझ्याकडे काही नाही गं. मी साधा माणूस."

"मग हे काय?" तिने माउस हलवला. बाणाबरोबर एक गोल भिंग सरकलं आणि त्याखालची अक्षरं टपोरी झाली. कोणी आलं की काका ते झटकन बंद करायचे. आज गडबडीत राहून गेलं.

"गंमत म्हणून ठेवलं होतं. काढ, काढ." काकांनी हसून दाखवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते, पण घरी बायकोलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. छापखान्यात कळलं की नोकरी गेलीच.

तिने भिंग काढलं आणि ती पुढच्या टेबलाकडे वळली. तेवढ्यात साहेब घाईघाईने आले.

"काका, तान्ह्या बाळांच्या तापाचं औषध आहे. मशीन खोळंबलंय. किती थेंब द्यायचे ती ओळ नीट बघा आणि सोडा छपाईला."

लेबल खऱ्या आकारातच तपासायचं, असा तिथला नियम. काका स्क्रीनवर वाकले. ओळीच्या जागी मुंग्यांची रांग होती. एक की सात? मध्ये टिंब होतं की नव्हतं?

"साहेब, तुम्हीच वाचता का मोठ्याने? दोघांनी बघितलेलं बरं."

साहेब वाकले. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. मान मागे नेली, पुढे आणली. मग सरळ उभे राहिले.

"मी कशाला? तुम्ही बघितलंय ना? झालं तर मग. सोडा."

काकांचं बोट बटणावर होतं. ते थेंब कुणाच्या तरी तान्ह्या जिवाच्या तोंडात पडणार होते. त्यांनी हात मागे घेतला.

"नाही सोडत. मला दिसत नाही, साहेब."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

"हळू बोला," ते म्हणाले.