कोपऱ्यातला बाण

"मावशी, नुसती जागा मोकळी करून भागायचं न्हाय." सम्राटनं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. "डिस्क गच्च भरलीया, त्यात विंडोजचं बी बारा वाजल्यात. सगळं पुसून नवीन टाकाय लागतंय."

"सगळं?"

"सगळं. आधी काय ठेवायचं ते पेनड्राइव्हवर घ्यायचं. मी घेऊन देऊ?"

"नको. आमच्या मालकांचं बोलणं हाय त्यात. घरातलं हाय," शांतव्वा म्हणाली.

सम्राटनं आग्रह धरला नाही. एकदा कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ त्याच्या हातून पुसले गेले होते. तेव्हापासून राजारामपुरीतल्या त्या दुकानात वहीत सही घेतल्याशिवाय तो मशीनला हात लावत नसे.

"मग घरी जाऊन सावकाश घ्या. एवढं भरलंय म्हंजे तासभर तरी लागंल."

तिचे मालक सिद्धराम आप्पा जाऊन अडीच महिने झाले होते. मानेच्या मणक्याच्या दुखण्यात त्यांचे दोन्ही हात गेले. चमचाही धरवत नव्हता, पण बोलणं शाबूत होतं. शेवटचे आठ महिने ते रोज सकाळी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर लेकीसाठी बोलत. लेकीशी समोरासमोर बोलले असते तर लॅपटॉप भरला नसता. पण शांभवीनं चार वर्षांपूर्वी स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि बापलेकीचं बोलणंच थांबलं.

ती पुण्याहून आली ती थेट मातीलाच. खड्ड्याच्या कडेला भावकी कुजबुजत होती. शांतव्वानं मातीची पहिली मूठ लेकीच्याच हातात दिली.

"त्यांचीच इच्छा होती," ती म्हणाली. मग कोण काय बोलणार?

दुकानातून परतल्यावर त्या दुपारी शांभवी फोनवरून सांगत होती आणि शांतव्वा चष्मा पुसून पुसून पडद्याकडं बघत होती.

"माझ्या नावाचं फोल्डर दिसतंय का, अव्वा?"

दिसत होतं. पिवळं पाकीट, कोपऱ्यात बारका वळलेला बाण, खाली नाव.

"हाय की."

"त्याच्यावर उजवं बटण दाब. कॉपी. मग पेनड्राइव्ह उघडून पेस्ट."

"हळू सांग गं. मी काय तुझ्यासारखी बँकेत हाय व्हय?"

शांभवीनं पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

"आलं," शांतव्वा म्हणाली.

"एवढ्यात?"

"नाव दिसतंय की हिकडं."

पलीकडं शांभवीला कुणीतरी साहेबांनी बोलावल्याचं सांगितलं. "मग झालं. नीट ठेव, अव्वा. मला ते एकटीनं ऐकायचंय." ती जरा घुटमळली. "काय म्हणायचे गं?"

"तुझंच नाव घ्यायचे."

दुसऱ्या दिवशी सम्राटनं वही पुढं केली. "झालं न्हवं सगळं घेऊन? एकदा पुसलं की मला मागायचं न्हाय."

शांतव्वानं सही केली. "पुसा," ती म्हणाली.

रविवारी शांभवी आली. चहालाही न थांबता तिनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. दोन मिनिटांत ते उघडलं.

"अव्वा, हा शॉर्टकट हाय."

"म्हंजे?"

"नुसती पाटी. घर कुठं हाय ते सांगणारी. घर तू पुसून घेतलंस."

तिनं सम्राटला फोन लावला. त्याच्याकडं सही होती. डिस्कवर नवीन भरून झालं होतं, आता काही निघायचं नव्हतं.

"कळत नव्हतं तर त्याला करू द्यायचं की," शांभवी म्हणाली. "तुझ्या अडाणीपणापायी आप्पा दुसऱ्यांदा गेले."

"चुकलं माझं. मला काय कळतंय त्यातलं?"

जेवणं उरकली. चारच्या गाडीला निघताना शांभवीनं आईचा हात धरला.

"जाऊ दे. पहिली मूठ माझ्याकडूनच हवी म्हणाले, तेवढंच पुरं मला."

शांतव्वानं मान हलवली, पिशवीत दही-धपाटे घातले आणि रिक्षा वळेपर्यंत दारात उभी राहिली.

मग ती कोऱ्या लॅपटॉपसमोर बसली. डी ड्राइव्हमध्ये तिनं नवं फोल्डर केलं, त्याला आप्पांचं नाव दिलं आणि त्याचा शॉर्टकट बाहेर काढून ठेवला, जसा दहा-अकरा महिन्यांपूर्वी शांभवीच्या नावाचा काढला होता. तेव्हा रोज सकाळी कॅमेरा तीच चालू करायची, पाठीमागं उशी द्यायची आणि दाराशी उभी राहून ऐकायची. आप्पा लेकीचं नाव घ्यायचे, चार वर्षांचं सगळं ओकायचे आणि दर वेळी एकाच वाक्यावर थांबायचे: "माझ्या मातीला तू हात लावायचा न्हाईस."